ओटा गेला, नियम राहिला

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय एकसष्ट. लग्न होऊन त्या रामबागेतल्या वाड्यात आल्या, तिथेच संसार झाला, आणि सहा वर्षांपूर्वी वाडा विकून बायपासजवळच्या एका टाउनशिपमध्ये चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या. घरात यजमान, मुलगा, सून आणि दहा महिन्यांची नात. बाहेरच्या चपला-बूट घरात आणायचे नाहीत हा नियम आजेसासूबाईंपासून चालत आलेला. संक्रांतीनंतर नातीचं बोरन्हाण केलं. त्यासाठी देवासहून व्याही-विहीण आले. व्याही सत्तरीचे, मधुमेह जुना, पायात लेसचे बूट. ताईंनी दारातच सांगितलं, "बूट तेवढे बाहेर काढा हं, आज पोरं खालचं वेचून खाणार आहेत." व्याह्यांनी भिंतीला हात टेकून, एका पायावर उभं राहून बूट काढले. तेवढ्यात लिफ्टमधून चार-पाच बायका आल्या आणि त्यांना वाट द्यायला ते तसेच अवघडून बाजूला झाले. मग कार्यक्रमभर दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. जेवायला थांबले नाहीत. ताई त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या, पण ते फारसं बोलले नाहीत, आणि त्यानंतर आलेलेही नाहीत. सून म्हणते, बाबांचा अपमान झाला. मुलगा म्हणतो, इंदूरच्या रस्त्यावरून आलेल्या बुटांना असं काय लागलेलं असणार! ताई विचारतात: माझं चुकलं का? रांगतं मूल घरात असताना नियम सोडायचा का? आणि सोडायचा नसेल, तर पाहुण्यांना सांगायचं कसं?

ताई,

तुमचा नियम चुकीचा नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. पुढे मी तुम्हाला दोन-तीन टोचणारे प्रश्न विचारणार आहे.

आधी तुमच्या मुलाचं बघू. "भिया, ये इंदौर है" हे उत्तर आपल्या शहरात आता कुठल्याही तक्रारीला चालतं. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला, सातव्या वेळी सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला तेवढंच. अभिमान मलाही आहे. रात्री मोठ्या रस्त्यांवर झाडणारी यंत्रं फिरताना दिसली की मी अजून बाल्कनीत उभी राहून बघते. पण हा नंबर रस्त्याला मिळालाय, बुटाच्या तळव्याला नाही. कागद-प्लास्टिक उचललं म्हणजे कुत्र्याने केलेली घाण, गुटख्याची पिचकारी, मेट्रोच्या खोदकामाची धूळ आणि आपली माळव्याची काळी माती उचलली गेली असं होत नाही. ही माती पावसाळ्यात तळव्याला अशी घट्ट बसते की दारात पाय आपटूनही सुटत नाही. सुटते ती दुसऱ्या दिवशी, वाळून, खपल्या-खपल्यांनी, नेमकी सोफ्याखाली.

मुलाला पटवायचं असेल तर त्याला रंगपंचमीची आठवण द्या. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलेला माणूस बूट घालून घरात शिरला तर फरशीवर त्याचा सगळा रस्ता उमटतो: दारातून सोफ्याकडे, सोफ्यावरून फ्रिजकडे, फ्रिजवरून बाथरूमकडे. बाकी दिवसांत याच रस्त्याने येणं-जाणं असतं, फक्त त्याला गुलाबी-हिरवा रंग नसतो म्हणून दिसत नाही.

आता तळव्याला नेमकं काय असतं ते बघू, कारण याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच काही फिरतं. २००८ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी रोजच्या वापरातले बूट तपासले. बाहेरच्या बाजूला लाखांच्या घरात जीवाणू निघाले, आतल्या बाजूला त्यामानाने फारच थोडे. विष्ठेतून येणाऱ्या जातीचे जीवाणूही बहुतेक बुटांवर सापडले. स्वच्छ फरशीवर ते बूट घालून चालल्यावर त्यातले पुष्कळसे फरशीवर उतरले. फिरणाऱ्या मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र नसते: या अभ्यासाला पैसा एका बुटांच्या कंपनीचा होता. त्यामुळे तो खोटा ठरत नाही. पण जीवाणू सापडणं आणि त्यांनी माणूस आजारी पडणं यांत बरंच अंतर असतं, आणि धडधाकट मोठ्या माणसाला फरशीवरच्या जीवाणूंनी सहसा काही होत नाही.

रांगत्या मुलाची गोष्ट वेगळी. मला स्वतःला तर जीवाणूंपेक्षा शिशाची धास्ती जास्त वाटते. आपल्याकडे २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं, म्हणजे त्याआधी कित्येक वर्षं गाड्यांच्या धुरातून शिसं रस्त्याकडेच्या मातीत पडत राहिलं. शिसं कुजत नाही, तिथेच राहतं. घरगुती रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको हा नियम झाला २०१६ मध्ये, म्हणजे त्याआधी रंगवलेल्या खिडक्या-दारं खरवडली की ती भुकटीही धुळीत मिसळते. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचं सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा मारा मेंदूच्या वाढीवर होतो. आणि तुमच्या नातीचा हात फरशीवरून तोंडात दिवसातून किती वेळा जातो ते तुम्ही बघताच.

एक गमतीदार प्रयोगही आहे. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी रांगणाऱ्या बाळासारखं एक यंत्र बनवलं आणि ते गालिच्यांवर रांगवलं. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. बाळ रांगतं तेव्हा त्याच्याभोवती धुळीचा एक छोटा ढग चालत असतो, आणि त्याच्या नाकाच्या उंचीवर तो ढग मोठ्या माणसाच्या नाकापाशी असतो त्याहून कितीतरी दाट असतो. तिथे गालिचे होते आणि आपल्याकडे रोज पोछा मारलेली फरशी असते, हा फरक आपल्या बाजूचा. तरी बाहेरची धूळ दारात अडवावी, हे या सगळ्यातून निघतंच.

म्हणजे मुलाला उत्तर मिळालं. आता तुमच्याकडे वळते.

(त्याआधी एक कंस. तुम्ही लिहिलंय की पोरांनी बोरं, चुरमुरे, गोळ्या वेचून खाल्ल्या आणि नातीच्या हातातही बोर होतं. ताई, दहा महिन्यांच्या मुलीच्या घशात बोराची बी, शेंगदाणा किंवा गोळी अडकण्याचा धोका व्याह्यांच्या बुटांपेक्षा कितीतरी मोठा. पुढच्या खेपेला तिच्या बाजूने फक्त हलव्याचे दागिने आणि फोटो, वेचणं मोठ्या मुलांचं.)

पत्रात तुम्ही दोन गोष्टी सहज, ओघात लिहून गेलात. एक म्हणजे, दिवाळीत मुलाचे साहेब बूट घालून हॉलमध्ये बसले, तेव्हा "बरं दिसत नाही म्हणून" तुम्ही काही बोलला नाहीत. दुसरी, कामाला येणाऱ्या मावशी चपला दाराशीसुद्धा नाही, जिन्यापाशी काढतात. मला आता सांगा, साहेबांच्या बुटांना लागलेली धूळ काही वेगळी होती का? नियम धुळीचा असता तर तो साहेबांनाही लागला असता आणि मावशींच्या चपला तुमच्या चपलांशेजारी राहिल्या असत्या. साहेब वर, व्याही मध्ये आणि मावशी जिन्यापाशी, अशी उतरंड लागली की त्या नियमात धुळीखेरीज आणखी काहीतरी मिसळलंय हे कळतं.

हे तुम्हा एकट्यांचं नाही, आपल्या सगळ्यांचंच आहे. चपलेबद्दल आपल्या मनात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. एक धूळ. दुसरी पावित्र्य: देव्हारा, स्वयंपाकघर, चामड्याचा विटाळ. आणि तिसरा मान: कोणी कोणापुढे जोडे काढायचे. "पायीची वहाण पायी बरी" ही म्हण आपण किती सहज वापरतो! तिच्यात वहाण म्हणजे चामड्याची वस्तू नसते, कुठलातरी माणूस असतो. तुमच्या आजेसासूबाई या तिन्ही गोष्टी एकत्रच पाळत होत्या, त्यांना त्या वेगळ्या करायची गरज पडली नाही. तुम्हाला करावी लागेल. धुळीचा भाग तुमच्या नातीच्या कामाचा आहे, तो ठेवा. देव्हाऱ्याचा भाग तुमच्या श्रद्धेचा, तोही ठेवा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मानाचा भाग मात्र काढून टाकायला हवा, कारण सगळा घोळ त्यानेच झालाय.

जोडे काढण्यावरून राजकारणंही झाली आहेत. ब्रह्मदेशात मिंडन राजापुढे जाताना इंग्रजांच्या वकिलालाही, म्हणजे राजदूतालाही, जोडे काढून खाली बसावं लागे. १८७५ नंतर इंग्रज सरकारने ते नाकारलं, राजानेही नमतं घेतलं नाही, आणि त्यापुढे वकिलाची राजाशी भेट होणंच बंद झालं. तुमच्याकडे सध्या जे चाललंय ते याहून फार वेगळं नाही.

आणि इथे मला त्या दिवशीचे तुमचे व्याही डोळ्यांपुढे दिसतात. आपल्या लग्नांत मुलीचे आईवडील नवऱ्या मुलाचे पाय धुतात. तुमच्या मुलाचेही त्यांनी धुतले असतील, साठी उलटलेल्या माणसाने वाकून, भर मांडवात. ते त्यांनी आनंदाने केलं असेल. पण मुलीकडचा म्हणून आयुष्यभर जरा वाकूनच राहायचं, हे त्या वयाच्या माणसाच्या अंगात भिनलेलं असतं. अशा माणसाला मुलीच्या सासूने दारात थांबवलं, बायका मागून येताहेत, हात भिंतीला, एक पाय वर. तुम्ही धुळीबद्दल बोलत होता. त्यांना ऐकू आलं ते दुसरंच. मोज्याला भोक असेल, पाय सुजलेला असेल, अंगठ्याला पट्टी असेल, हे आपल्याला माहीतही नसतं. सून चुकीचं बोलत नाही. तुमच्या मनात अपमान नव्हता, आणि तरी तो झाला. दोन्ही खरं आहे.

तुम्ही विचारलंत, माझं चुकलं का. माझ्या मते बूट काढायला सांगितलंत यात चूक नाही. चूक आहे ती कुठे काढायचे याची सोय न करण्यात.

माझं लहानपणही वाड्यातच गेलं, नारायणबागेकडे. काका हुकुमचंद मिलमध्ये होते. संध्याकाळी सायकल भिंतीला लावली की ते आधी ओट्यावर बसायचे. विजारीच्या सायकल-क्लिपा काढून खिशात. मग बुटांच्या नाड्या सोडायच्या, सावकाश, त्या वेळात समोरच्या ओट्यावरच्यांशी मिलच्या गप्पा. बूट काढून पायरीच्या कडेवर दोनदा आपटायचे, मोजे त्यांत कोंबायचे, आणि मग आतून कोणीतरी आणलेल्या तांब्यातलं पाणी पायावर घ्यायचं. पाच-सात मिनिटांचा हा सगळा थाट असे. आजी आम्हा पोरांना कधी "चप्पल काढलीस का" असं विचारत नसे. ती विचारायची, "पाय धुतलेस?" चप्पल काढणं ही त्यातली पहिली पायरी होती, शेवट मोरीवर व्हायचा.

रामबागेतला तुमचा वाडाही असाच असणार. तो विकला तेव्हा ओटा विकला गेला, पायरी गेली, दाराजवळची मोरी गेली, उंबरासुद्धा गेला, कारण हल्लीचे बिल्डर उंबरा बसवत नाहीत. नियम तेवढा सामानाच्या ट्रकमधून चौथ्या मजल्यावर आला. तिथे त्याला टेकायला जागा नाही. कॉरिडॉरमध्ये चपलांचं स्टँड ठेवायला सोसायटीची मनाई आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि आग लागल्यावर पळायच्या वाटेत सामान नको हे सोसायटीचं म्हणणं रास्तही आहे. मग पाहुणा उभा राहतो लिफ्ट आणि दार यांच्या मधल्या चार फुटांत, सगळ्यांच्या देखत, एका पायावर.

अजून एक. पाहुण्यांना तुम्ही लिफ्टपर्यंत सोडायला गेलात. पायात काही घातलं होतं का? रागावू नका, पण बहुतेक घरांतल्या बायका अनवाणीच जातात आणि तशाच परत आत येतात. जिथे सगळ्यांनी बूट झटकलेले असतात त्याच फरशीवरून. नातीच्या बाबागाडीची चाकं, मुलाची चाकांची बॅग, भाजीची पिशवी जी मंडईत खाली ठेवलेली असते आणि घरी येऊन थेट ओट्यावर जाते (हा स्वयंपाकाचा ओटा, तो मात्र फ्लॅटमध्ये मिळतो), या सगळ्यांना तळवे असतातच. चपला बाहेर काढल्या की घर स्वच्छ झालं, असं वाटून आपण बाकीच्यांकडे बघतच नाही.

आता काय करायचं ते सांगते.

सगळ्यात आधी ओटा परत आणा. दाराच्या आत, लगेच, एक तीन फुटांची पट्टी ठरवा. तिथे साधारण दीड फूट उंचीचं, न हलणारं स्टूल, शक्यतो हात टेकायला मूठ असलेलं. सत्तरीच्या माणसाला फार खाली बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही, म्हणून उंचीकडे लक्ष द्या. बाजूला चपलांचा कप्पा, वर चांगला दिवा. दाराबाहेर काथ्याचं खरखरीत पायपुसणं, आत सुती. लांब दांड्याचं शू-हॉर्न बुटांच्या दुकानात मिळतं, ते खिळ्याला टांगून ठेवा. पाठ धरलेल्यांना ते देवासारखं वाटतं. ही पट्टी म्हणजे तुमचा उंबरा. बाहेरचे बूट तिच्यापर्यंत येणार, पुढे नाही. तेवढी पट्टी दिवसातून एकदा ओल्या फडक्याने पुसायची. कोरडा झाडू तिथे मारू नका, धूळ उडून घरभर जाते आणि सगळी मेहनत वाया.

मग तुमचं सांगणंही आपोआप बदलेल. "बूट काढा" म्हणायची वेळ येत नाही. "या, बसा इथे, पाणी आणते" एवढं म्हटलं की पाहुणा स्टुलावर बसतो, समोर कप्पा दिसतो, आणि त्याचे हात आपण होऊन नाडीकडे जातात. दारावर "कृपया चपला बाहेर काढाव्यात" अशी पाटी लावू नका. मला ती पाटी दवाखान्यात ठीक वाटते, घरावर दिसली की आत जायचीच इच्छा जाते. बोरन्हाण, हळदीकुंकू असं काही असेल तर बोलावतानाच सांगावं: खाली सतरंजीवर बसायचं आहे, काढघालीला सोपं असं काही घालून या. मग पाहुणा घरूनच बेताने येतो, मोजेसुद्धा बघून घालतो.

दुसरं, आतल्या चपला. घरात तीन-चार जोड ठेवा, धुता येतील असे, वेगवेगळ्या मापांचे, मागे पट्टा असलेले. नुसते मोजे घालून गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर म्हातारी माणसं सटासट घसरतात. खुब्याचं हाड मोडणं हे या वयात धुळीपेक्षा मोठं संकट. शिवाय टाच दुखणाऱ्यांना कडक फरशीवर अनवाणी चालू नका असंच डॉक्टर सांगतात. जानेवारीत आपल्याकडची फरशी किती गार असते तेही आठवा.

मधुमेहाचं जरा सविस्तर सांगते, कारण असे पाहुणे प्रत्येकाच्या घरी येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो अहवाल २०२३ मध्ये आला त्यानुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. आजार जुना झाला की अनेकांच्या पायांची संवेदना कमी होते. टाचणी रुतली, चटका बसला, खडा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळल्यावर मोज्याला डाग दिसतो. डॉक्टर तळव्याला दहा ग्रॅमच्या दाबाचा नायलॉनचा दोरा टेकवून बघतात की रुग्णाला तो जाणवतो का. ज्यांना जाणवत नाही त्यांनी घरातसुद्धा अनवाणी चालू नये, असा सल्ला असतो. आणि त्या दिवशी तुमच्या फरशीवर बोरं, बिया आणि गोळ्या पसरलेल्या होत्या! व्याही दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले ते रागाने असेल. पण कदाचित तेवढ्या पसाऱ्यातून नुसत्या पायाने चालायची भीती वाटली म्हणूनही असेल. अशांसाठी मऊ रबराच्या चपला मिळतात, एमसीआर म्हणतात त्यांना. त्यांचा एक जोड तुमच्याकडे कायमचा, फक्त घरात वापरायचा, राहू दे.

आणि एखाद्याला बूट काढणं जमतच नसेल, पायात ब्रेस असेल, पट्टी असेल, तर तळवे ओल्या फडक्याने पुसून त्याला तसंच आत येऊ द्या. तो गेल्यावर एक पोछा जास्त मारायचा. वायरमन किंवा शिडीवर चढणारा मिस्त्री आला तर त्याला बूट काढायला लावूच नका. ते त्याच्या जिवासाठी असतात. जुनी चादर टाका खाली.

नातीसाठी मी उलटा हिशेब करीन. अख्खं घर निर्मळ ठेवणं कोणालाच जमत नाही. त्यापेक्षा तिची एक सतरंजी ठरवा, रोज झटकून, आठवड्याला धुऊन, आणि तिच्यावर कोणीही पाय द्यायचा नाही. अनवाणी पायसुद्धा नाही, तुमचाही नाही. बसायचं असेल तर पाय धुऊन. बाकी फरशीवर ती जाणारच, ते चालायचंच. खाण्याआधी हात धुवा म्हणजे झालं.

साहेबांचं आणि मावशींचं. माझं मत विचाराल तर साहेबांनाही स्टुलावर बसवा. त्यांना काही वाटणार नाही, त्यांच्या घरी बहुधा हेच चालत असेल. मावशींच्या चपला त्याच कप्प्यात, बाकीच्यांच्या शेजारी. आणि त्यांच्यासाठीही घरातला एक जोड ठेवा. ओल्या फरशीवर दिवसभर अनवाणी त्याच असतात.

हे सगळं मुलगा-सुनेशी बोलून करा, म्हणजे नियम तुमचा एकटीचा राहणार नाही. सुनेला सोबत घेऊनच स्टूल आणायला जा. तिच्या बाबांना बसायला किती उंच लागतं ते तिलाच माहीत असणार.

राहिला फोन. मुलाकडून किंवा सुनेकडून निरोप नको, स्वतः करा आणि व्याह्यांशीच बोला, विहीणबाईंकडे देऊ नका. लांबण लावू नका. "त्या दिवशी तुम्हाला दारात ताटकळत ठेवलं, माझी चूक झाली. बसायची सोय नव्हती, आता केली आहे. नात रांगत दारापर्यंत येते, येऊन बघा" एवढं पुरे. धुळीचं, शिशाचं, अमेरिकेतल्या प्रयोगांचं त्यांना काही ऐकवू नका. ते कदाचित "अहो, तसं काही नाही" म्हणून विषय उडवतील. उडवू द्या, आणि लगेच रविवार ठरवून टाका.

आणि फोन लावण्याआधी सुनेकडून त्यांचा नंबर विचारून घ्या. पायाचा म्हणतेय मी. चपला आधी घरात यायला हव्यात.